मुंबई विमानतळ: मालकी, वर्दी आणि प्रवाशाची रांग

विमानतळ खासगी कंपनीकडे गेला की तेथील सुरक्षाही खासगी होते, असा एक समज सार्वजनिक चर्चेत बराच रुळलेला आहे; मुंबई विमानतळाचा इतिहास मात्र या समजाला फारसा आधार देत नाही. धावपट्टी, टर्मिनल, दुकाने आणि वाहनतळ यांचा कारभार २००६ मध्ये कंपनीच्या हाती गेला, पण प्रवाशाची अंगझडती घेण्याचा अधिकार केंद्र सरकारने आपल्याकडेच ठेवला. त्यामुळे सुरक्षा तपासणीच्या जागी दोन वेगळ्या सत्ता एकमेकींना येऊन भिडतात: जागा आणि यंत्रे कंपनीची, माणसे आणि नियम सरकारचे, आणि दोन्हींचा खर्च तिकिटातून प्रवाशाचा. रांग किती लांब, किती संथ आणि किती सुसह्य असेल हे या दोन सत्तांच्या सांध्यावर ठरते, म्हणूनच हा सांधा कसा घडत गेला हे पाहणे अगत्याचे आहे.

मुंबईचा पहिला विमानतळ जुहूचा. १९२८ पासून वापरात असलेली ती जमीन पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि तेवढ्या काळापुरता विमानांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन याच जुहूला उतरले, तेव्हा विमान कंपनी खासगी आणि धावपट्टी सरकारी अशी स्थिती होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने सांताक्रूझ येथे तळ उभारला. युद्धानंतर तो नागरी वापरात आला आणि १९५८ मध्ये तेथे नवे टर्मिनल झाले. मधल्या काळात, १९५३ मध्ये, विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्याने आकाश आणि जमीन दोन्ही सरकारकडे आली. १९७२ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार मोठ्या विमानतळांसाठी भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण स्थापन झाले आणि १९८१ पासून सहारच्या नव्या टर्मिनलमधून परदेशी उड्डाणे होऊ लागली. मुंबईकरांच्या बोलण्यात ‘सांताक्रूझ’ म्हणजे देशांतर्गत आणि ‘सहार’ म्हणजे परदेशी हा भेद तेव्हापासून पक्का झाला.

या संपूर्ण काळात सुरक्षा तपासणी ही आजच्या अर्थाने स्वतंत्र व्यवस्था नव्हती. ती एकेका आघातानंतर थरावर थर चढत तयार झाली. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले. अपहरणकर्त्यांजवळची शस्त्रे नकली होती, आणि नकली शस्त्राच्या धाकावर विमान पळवता येते ही गोष्टच तपासणीच्या अभावाविषयी पुरेसे सांगून जाते. १० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून मुंबईकडे यावयाचे विमान पुन्हा लाहोरला नेले गेले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा एक कक्ष निघाला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात स्फोट होऊन ३२९ माणसे मृत्युमुखी पडली. ज्या पेटीत बॉम्ब होता ती पेटी विमानात चढली होती, पण तिचा मालक म्हणवणारा प्रवासी चढला नव्हता. या घटनेनंतर, १ एप्रिल १९८७ रोजी, तो कक्ष नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो या नावाने स्वतंत्र विभाग झाला. प्रवाशाने चाकू न्यावा की नाही, पाण्याची बाटली किती चालेल, बूट काढायचे की नाही, असे सारे नियम आजही हाच ब्युरो करतो, आणि ते सरकारी व खासगी अशा दोन्ही विमानतळांना सारखेच लागू असतात.

मुंबईशी थेट संबंध असलेली आणखी एक घटना या क्रमात विसरता येत नाही. ५ सप्टेंबर १९८६ रोजी सहारहून निघालेले पॅन अ‍ॅमचे विमान कराचीला थांबले असताना सुरक्षारक्षकांचा वेश घातलेले हल्लेखोर गाडीतून थेट विमानाच्या शिडीपर्यंत पोहोचले. प्रवाशांना वाचवताना प्राण देणारी त्या विमानातील कर्मचारी नीरजा भनोत मुंबईत वाढलेली होती. तेथे प्रवाशांच्या तपासणीत काही निसटले नव्हते. निसटले होते ते विमानतळाचे कुंपण. सुरक्षेचा विचार केवळ झडतीपुरता केला तर भिंत, फाटक, कर्मचाऱ्यांचे ओळखपत्र आणि वाहनांचे परवाने यांकडे दुर्लक्ष होते, आणि नेमक्या याच गोष्टी विमानतळाच्या चालकाच्या अखत्यारीत येतात. मालकी बदलल्याचा सुरक्षेवर जो परिणाम होतो त्याचा मोठा भाग या न दिसणाऱ्या कामांत असतो, आणि प्रवाशांच्या तक्रारवहीत त्याची नोंद कधीच होत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत विमानतळांवर झडतीचे काम राज्यांचे पोलीस करीत. बदलीवर आलेला शिपाई काही काळ तेथे राही आणि मग ठाण्यावर परत जाई, त्यामुळे क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावरील रंगीत आकृती वाचण्याचा सराव टिकून राहणे अवघड होते. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेल्या विमानाचे अपहरण होऊन ते कंदाहारला नेले गेले, आणि त्या आठ दिवसांच्या मानहानीनंतर केंद्र सरकारने हे काम केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजेच सीआयएसएफकडे, सोपवण्याचे ठरवले. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात झाली आणि पुढे मुंबईसह देशातील प्रमुख विमानतळ या दलाकडे आले. दल १९६९ मध्ये उभे राहिले ते सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यांच्या रक्षणासाठी. १९८३ मध्ये त्याला संघराज्याच्या सशस्त्र दलाचा दर्जा मिळाला. सार्वजनिक मालमत्तेच्या राखणीसाठी निर्माण झालेले दल काही वर्षांतच खासगी कंपनीच्या इमारतीत उभे राहणार होते, याची कल्पना त्या वेळी फारशी कोणी केली नसावी.

खासगीकरणाची कायदेशीर वाट २००३ मधील दुरुस्तीने मोकळी झाली, कारण तिच्यामुळे भारतीय विमानतळ प्राधिकरणाला आपले विमानतळ भाडेपट्ट्याने देता येऊ लागले. मुंबईसाठी जीव्हीके हा उद्योगसमूह आणि दक्षिण आफ्रिकेतील भागीदार यांचा गट निवडला गेला; विमानतळ चालवणाऱ्या कंपनीत त्यांचा वाटा ७४ टक्के आणि प्राधिकरणाचा २६ टक्के ठरला, शिवाय उत्पन्नाचे ३८.७ टक्के प्राधिकरणाला देण्याचे कंपनीने मान्य केले. निर्णय जाहीर होताच फेब्रुवारी २००६ मध्ये प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी चार दिवस संप केला. नोकऱ्यांची भीती खरी होती आणि तिला उत्तर देणे सरकारला भागच पडले. करारावर ४ एप्रिलला सह्या झाल्या आणि ३ मे २००६ रोजी कारभार कंपनीच्या हाती आला. २०२१ मध्ये हीच मालकी अदानी समूहाकडे गेली.

या करारात काही कामे सरकारने स्वतःकडे राखून ठेवली. हवाई वाहतूक नियंत्रण, सीमाशुल्क, पारपत्र तपासणी, आरोग्य आणि सुरक्षा ही ती ‘राखीव कामे’. मालकी आणि झडती यांचा घटस्फोट येथे लेखी झाला. कंपनीने तपासणीसाठी जागा द्यायची, यंत्रे बसवायची, पट्टे आणि ट्रे पुरवायचे. त्या यंत्राच्या पडद्यासमोर कोण बसणार, किती जण बसणार आणि पाळी केव्हा बदलणार हे सरकारने ठरवायचे. एखाद्या पहाटे सहा यंत्रे असूनही चारच चालू असली तर दोष कोणाचा, याचे उत्तर प्रवाशाला मिळत नाही. कंपनी दलाच्या मनुष्यबळाकडे बोट दाखवू शकते आणि दल कंपनीने दिलेल्या अपुऱ्या जागेकडे. करारात सेवेच्या दर्जाची मापे होती आणि प्रवाशांच्या सर्वेक्षणाची अटही होती, पण जे काम कंपनीच्या हातातच नाही त्याच्या विलंबाबद्दल तिला जाब विचारायला मर्यादा पडते. या व्यवस्थेतील हा सर्वांत कच्चा दुवा आहे.

तरीही खासगी भांडवलाने काही गोष्टी खरोखर बदलल्या, आणि त्या मान्य करणे न्यायाचे होईल. जुन्या टर्मिनलमध्ये प्रवासी दारातून आत शिरला की आधी आपली मोठी पेटी उचलून क्ष-किरण यंत्रावर ठेवी, पलीकडे जाऊन ती उतरवून घेई, विमान कंपनीचा माणूस तिच्याभोवती प्लास्टिकची पट्टी आवळी, आणि मग ती पेटी घेऊन प्रवासी बोर्डिंग पासच्या रांगेत उभा राही. वृद्ध जोडपी आणि लहान मुले सोबत असलेल्या बाया यांची या दुहेरी उचलाउचलीत जी दमछाक होई, ती कोणत्याही अहवालात नोंदली गेलेली नाही. नव्या पद्धतीत पेटी थेट काउंटरवर दिली जाते, तेथून ती सरकत्या पट्ट्याने इमारतीच्या पोटात जाते, टप्प्याटप्प्याने यंत्रांखालून सरकते, आणि संशय आला तरच ती उघडली जाते. त्यासाठी इमारतच तशी बांधावी लागते. १० जानेवारी २०१४ रोजी उद्घाटन झालेल्या सहारच्या नव्या टर्मिनलमध्ये, म्हणजे सुमारे ४ लाख ४० हजार चौरस मीटरच्या टी-टूमध्ये, अशी बांधणी करता आली. राजीव सेठी यांनी मांडणी केलेली तेथील सुमारे तीन किलोमीटर लांबीची कलाभिंत अनेकांच्या लक्षात राहते, पण प्रवाशाचे कष्ट कमी झाले ते पडद्याआडच्या या पट्ट्यांमुळे.

हातातल्या पिशवीला बांधायच्या टॅगची गोष्टही अशीच बोलकी आहे. विमान कंपनीच्या नावाचा पुठ्ठ्याचा छोटा तुकडा, त्याला दोरा किंवा रबर. प्रवाशाने तो काउंटरवरून घ्यायचा, पिशवीच्या पट्ट्यात अडकवायचा, आणि यंत्रातून पिशवी बाहेर आली की जवान त्यावर शिक्का उठवायचा. हा शिक्का विमानात चढण्यापूर्वी पुन्हा तपासला जाई, आणि तो नसेल तर प्रवाशाला उलट पावली तपासणीच्या रांगेत परतावे लागे. लॅपटॉपची पिशवी, पर्स आणि जेवणाच्या डब्याची थैली अशा तीन वस्तू असल्या तर तीन टॅग आणि तीन शिक्के. पिशवी तपासली गेली आहे याचा दुसरा पुरावा नसल्याने हा पुठ्ठा आवश्यक होता. कॅमेऱ्यांचे जाळे पुरेसे दाट झाले तेव्हाच तो अनावश्यक ठरला. १ एप्रिल २०१७ पासून मुंबई, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद, कोची, अहमदाबाद आणि कोलकाता या सात विमानतळांवर ही शिक्क्याची पद्धत बंद झाली. सातांपैकी कोलकाता आणि अहमदाबाद तेव्हा सरकारी प्राधिकरणाकडेच होते, त्यामुळे सुधारणेचे सारे श्रेय मालकीच्या प्रकाराला देता येत नाही. ज्याने कॅमेऱ्यांवर पैसे खर्च केले त्याच्या प्रवाशांची त्या पुठ्ठ्यातून सुटका झाली, एवढेच म्हणता येते.

अंगझडतीत मात्र तसा बदल दिसत नाही. धातुशोधक चौकटीतून गेल्यावरही भारतात प्रत्येक प्रवाशाला लहानशा चौथऱ्यावर उभे करून हातातले यंत्र अंगावरून फिरवले जाते, आणि स्त्रियांची झडती पडदा लावलेल्या कक्षात महिला जवान घेतात. त्यामुळे स्त्रियांच्या रांगेचा वेग यंत्रांच्या संख्येपेक्षा त्या पाळीत हजर असलेल्या महिला जवानांच्या संख्येवर अवलंबून राहतो. संगमरवर, झुंबरे आणि मशरूमच्या आकाराचे खांब यांचा त्या पडद्याआडच्या वेळेशी काही संबंध नाही. शरीराची प्रतिमा काढणारी यंत्रे बसवण्याचे आदेश ब्युरोने २०१९ मध्ये काढले, पण मुदती पुढे ढकलत राहाव्या लागल्या.

खासगी मालकीचा खरा ठसा तपासणीच्या पलीकडच्या बाजूला उमटतो. विमानतळाचे उत्पन्न दोन प्रकारचे असते: विमानांकडून आणि प्रवाशांकडून उड्डाणासाठी घेतलेले शुल्क हे एक, आणि दुकाने, उपाहारगृहे, जाहिराती, वाहनतळ यांतून येणारे दुसरे. मुंबईच्या करारानुसार दुसऱ्या प्रकारातील उत्पन्नाचा ३० टक्के भाग शुल्क कमी ठेवण्यासाठी धरला जातो आणि उरलेला कंपनीला मोकळा राहतो. साहजिकच तपासणी लवकर संपून प्रवासी दुकानांच्या भागात जितका वेळ राहील तितका कंपनीचा फायदा, आणि या एका बाबतीत तिचे हित प्रवाशाच्या हिताशी जुळते. रांगेत अडकलेला माणूस चहासुद्धा विकत घेत नाही. पण हीच कमाईची ओढ जागेच्या वाटणीतही उतरते. दुकानाला दिलेला प्रत्येक चौरस मीटर तपासणीच्या आणखी एका पट्ट्याला मिळत नाही, आणि एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांभोवती दाट वस्तीने वेढलेल्या मुंबईसारख्या विमानतळावर तो चौरस मीटर पुन्हा निर्माण करता येत नाही.

पैशाचा हिशेब यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. सुरुवातीला प्रत्येक निघणाऱ्या प्रवाशाकडून २०० रुपये प्रवासी सेवा शुल्क घेतले जाई. त्यातील १३० रुपये सुरक्षेसाठी आणि ७० रुपये सोयींसाठी असत. सुरक्षेचा वाटा वेगळ्या खात्यात ठेवून त्यातून सीआयएसएफचा खर्च भागवायचा होता, परंतु ते खाते विमानतळ चालवणाऱ्या कंपन्यांच्या हाताखाली होते. या निधीतून यंत्रसामग्रीसारखा भांडवली खर्च करावा की नाही यावर वाद झाला, फेब्रुवारी २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने अशी खर्च झालेली रक्कम खात्यात परत भरण्याचा आदेश दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. १ जुलै २०१९ पासून विमान वाहतूक सुरक्षा शुल्क आले आणि ते राष्ट्रीय पातळीवरील एका न्यासाकडे जमा होऊ लागले. देशांतर्गत प्रवाशासाठी सुरुवातीला १५० रुपये असलेले हे शुल्क एप्रिल २०२१ पासून २०० रुपये झाले. म्हणजे आपल्या झडतीसाठी उभ्या असलेल्या जवानाचा पगार प्रवासी थेट देतो. तिकिटाच्या तपशिलात ती रक्कम छापलेली असते, आणि तरीही तिच्या बदल्यात रांगेत किती मिनिटे लागावीत याचे कोणतेही वचन त्या तिकिटावर नसते. ही उणीव किरकोळ नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये या उणिवेची किंमत साऱ्या देशाला दिसली. कोविडच्या साथीनंतर प्रवास एकाएकी वाढला आणि दिल्लीच्या टी-थ्रीमध्ये, तसेच मुंबईतही, तपासणीच्या रांगा इतक्या लांबल्या की लोकांची विमाने सुटली. उपाय म्हणून यंत्रे वाढवली गेली, जादा जवान आणले गेले, उड्डाणांच्या वेळा विरळ करण्याच्या सूचना निघाल्या. म्हणजे कंपनी, गृह मंत्रालय आणि विमान कंपन्या अशा तिघांनी एकाच वेळी हालचाल केल्यावरच रांग सरकली. त्याच सुमारास सीआयएसएफची विमानतळांवरील ३,००० हून अधिक पदे कमी करून रांगा लावणे, मदत करणे अशी दुय्यम कामे खासगी रक्षकांना देण्याची योजना राबवली जात होती, जिचा पाया २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणात घातला गेला होता.

सरकारी आणि खासगी कामांमधील सीमारेषा आणखी एका बाजूने सरकू लागली आहे. टर्मिनलच्या दारातच तिकीट आणि ओळखपत्र पाहणारा सशस्त्र जवान ही भारतीय विमानतळांची ओळख होती. आखाती देशांत निघालेल्या माणसाला निरोप देणारे कुटुंब त्याच दाराशी थबके. डिसेंबर २०२२ पासून आलेल्या डिजीयात्रा पद्धतीत चेहरा ओळखणारे यंत्र हे काम करते. ती चालवणाऱ्या संस्थेत प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के असून उरलेला दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद आणि कोची येथील विमानतळ कंपन्यांचा आहे. रांग यामुळे लहान होते हे खरे, पण संमती नीट न विचारता नोंदणी केल्याच्या तक्रारीही झाल्या. झडती सरकारकडे ठेवण्यामागे जे कारण होते, म्हणजे माणसाच्या शरीरावरचा अधिकार जबाबदार सत्तेकडेच असावा हे, तेच कारण त्याच्या चेहऱ्यालाही लागू पडते.

इतरत्र ही विभागणी वेगळी झाली आहे. अमेरिकेत मोठे विमानतळ नगरपालिकांचे किंवा सार्वजनिक प्राधिकरणांचे, पण सप्टेंबर २००१ पर्यंत झडतीचे काम विमान कंपन्यांनी नेमलेल्या खासगी ठेकेदारांकडे होते. १९९८-९९ मध्ये तेथील १९ मोठ्या विमानतळांवर तपासनिसांची वार्षिक गळती सरासरी १२६ टक्के होती, म्हणजे वर्षभरात सगळीच्या सगळी माणसे बदलून वर आणखी काही सोडून जात; तुटपुंज्या पगाराचे ते फळ होते. नोव्हेंबर २००१ च्या कायद्याने ते काम केंद्रीय यंत्रणेकडे गेले. ब्रिटनने १९८७ मध्ये हीथ्रो, गॅटविक आणि स्टॅनस्टेड एकाच खासगी कंपनीला दिले आणि झडतीही तिलाच करायला लावली. बदल्यात तपासणीची रांग ठरलेल्या वेळेपेक्षा लांबली तर विमान कंपन्यांना सूट द्यावी लागेल असा दंडक नियामकाने घातला. तेवढ्याने भागले नाही, तेव्हा २००९ मध्ये स्पर्धा आयोगाने त्या कंपनीला गॅटविक आणि स्टॅनस्टेड विकायला सांगितले, कारण एका शहराचे मोठे विमानतळ एकाच्या हाती असले तर प्रवाशाला चांगली वागणूक देण्याची गरज कोणालाच उरत नाही.

मुंबई महानगराची गोष्ट या टप्प्यावर उलट दिशेने गेली आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यात ७४ टक्के वाटा अदानी समूहाचा आणि २६ टक्के सिडकोचा आहे. गोव्यात नौदलाच्या जमिनीवरील दाबोळी आणि २०२३ पासून चालू असलेले खासगी मोपा हे दोन विमानतळ तरी वेगवेगळ्या चालकांकडे आहेत. मुंबईत सहारची रांग नकोशी झालेला प्रवासी नवी मुंबई विमानतळावर गेला तरी मालक तोच असतो, झडती घेणारी वर्दी तीच असते आणि सुरक्षा शुल्कही तेवढेच असते.